दोराला हात

"शेळी आदी बसंल, मंग डाक्टर," साळूआत्या म्हणाली आणि तिनं माझ्या छातीवर आडवी काठी धरून मला काठावरच थांबवलं.

माझ्या हातात चामडी बॅग होती, पायांत नवे बूट होते, आणि होडीत सरकारी माणसाला आधी बसवतात अशी माझी ठाम समजूत होती. मी वडगाव निंबाळकरचा. कालवा आणि उसाचे पाट यापलीकडे पाणी मी पाहिलेलं नव्हतं. शेळी माझ्याकडे न बघता टुणकन नावेत चढली. मग बाया चढल्या, मग गडी. शेवटी आत्यानं माझ्या बुटांकडे नजर टाकली आणि म्हणाली, "ते हातात घ्या. नावंत पायात चामडं चालत न्हाय."

मी बूट हातात घेतले. सगळे बसल्यावर तिनं काठीच्या टोकानं प्रत्येकाच्या डोक्याला हलकेच स्पर्श करत मोजणी केली. शेळीलाही मोजलं, मलाही मोजलं. मला राग आला होता, पण नाव हलली होती, आणि भर पाण्यात रागावून जाणार कुठं?

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. माझी बदली इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी, वाकसेवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली होती. कागदावर मी डॉक्टर नव्हतो, पशुधन पर्यवेक्षक होतो. पण गाईला सुई टोचतो तो डॉक्टर, असं आमच्याकडे सरळ असतं. पैलतीर करमाळ्याकडचा, म्हणजे जिल्हाच दुसरा. तिकडच्या जनावरांशी कायद्यानं माझा काही संबंध नव्हता. पण तिकडं दगडू म्हणून एकाची गाय अडली, तो नावेतनं धापा टाकत आला, आणि अडलेल्या गाईला जिल्हा कुठला ते विचारता येत नाही. म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी ओलांडलं. पुढं आठवड्यातनं एकदा-दोनदा ओलांडत राहिलो.

साळूआत्या उंच, काटक, कासोट्याचं लुगडं नेसणारी. डोक्यावर घोंगडीची खोळ, मग ऊन असो की पाऊस. तिचं घराणं मेंढपाळांचं. पाणी येण्याआधी तिच्या घरी मेंढरांचा मोठा खांड होता. धरण भरलं, चराऊ रानं पाण्याखाली गेली, आणि नव्या गावठाणात मिळालेल्या जागेत मेंढरांना चाटायला दगड तेवढे होते. बाकीच्यांनी मेंढरं विकून शेती धरली, कुणी कारखान्यावर गेलं, कुणी वालचंदनगरला कामाला लागलं. आत्यानं नाव घेतली. नाव करणाऱ्या सुतारानं जन्मात बैलगाड्या सोडून काही केलं नव्हतं, त्यामुळं ती चाकं काढलेल्या गाडीसारखी चौकोनी दिसायची. तिचं नाव काळी. खांडाच्या पुढं चालणाऱ्या जुन्या मेंढीचं नाव आत्यानं तिला दिलं होतं.

माणसांनाही ती मेंढरांसारखीच हाकायची. कुणी उगाच उभं राहिलं की "हुर्रर्र, खाली!" म्हणायची. तालुक्याचा मोठा अधिकारी असला तरी त्याला हुर्रर्रच. मी एकदा विचारलं, "आत्या, पोहायला कुठं शिकलात?"

"मला कुठं पवता येतंय?"

मी एकदम नावेची कड धरली. "मग नाव उलटली तर?"

"नाव हाय की. पवायचं तिनं," ती म्हणाली आणि वल्हं मारत राहिली.

तिची सगळ्यात विचित्र सवय मला भरल्या पाण्याच्या दिवसांत कळली. पाऊसकाळ होऊन गेल्यावर चहूकडं नुसतं पाणी. काठावरनं निघालं की सरळ पैल जायचं, मध्ये ना झाड ना दगड. आणि आत्या मध्येच नाव उजवीकडं वळवायची, थोडी पुढं जाऊन डावीकडं, पुन्हा उजवीकडं. मला वाटलं प्रवाह असेल. दोनचार खेपांनंतर राहवलं नाही.

"आत्या, मोकळ्या पाण्यात वळता कशाला?"

"ही बोळ हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"खाली. हिकडं सर्जेरावाचं घर, तिकडं लव्हाराचं. सरळ जायचं म्हंजी सर्जेरावाच्या घरावरनं जायचं. लोकाच्या घरावरनं कसं जावं?"

जुनी वाकसेवाडी आमच्या खाली होती. आत्या तिच्या बोळांतनं नाव नेत होती. मारुतीच्या देवळाशी आली की ती सगळ्यांना पाय वर घ्यायला लावायची आणि लोक मुकाट्यानं घ्यायचे. एकदा पुण्याहून आलेला कुणाचा तरी पाहुणा म्हणाला, "अरेरे, अख्खं गाव बुडालं म्हणायचं!"

आत्यानं वल्हं थांबवलं. "बुडालं म्हनू नगा. बुडालेलं वर येत न्हाय. आमचं दरसाल येतंय."

आणि ते खरंच यायचं. उन्हाळ्यात पाणी हटत हटत खाली गेलं की आधी देवळाचं शिखर, मग भिंतींचे खुंट, मग चिखलात रुतलेली जोती, असं गाव हळूहळू वर यायचं. आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला पाणी गावाच्याही खाली सरकायचं, आणि नावेचा हंगाम संपायचा. मग नाव बाहेर काढायची. बाकीचे होडीवाले आपल्या होड्या नव्या गावाच्या काठाला नेऊन पालथ्या घालत. साळूआत्या आपली नाव ओढून नेई ती जुन्या गावातल्या स्वतःच्या घराच्या जोत्यावर.

या कामाचा तिचा एक नेम होता. ज्यानं त्या साली तिच्या नावेतनं पाणी ओलांडलं, त्यानं दोराला हात लावायचा. नसेल ओलांडलं, तर त्यानं लांब राहायचं. ती कुणालाही बोलावणं धाडायची नाही. आखितीच्या दिवशी सकाळी नाव काठाला लावून बसायची आणि माणसं आपोआप जमायची. पैल दिलेल्या लेकीला भेटायला गेलेल्या म्हाताऱ्या, बाजारकरी, आठवड्याला टोपली घेऊन तिकडं जाणारी बांगडीवाली हसीनाभाभी, सगळे यायचे. पैलतीरावरच्या लोकांना मात्र यातनं सूट होती.

माझ्या पहिल्याच वर्षी गावातली दोन तालीमबाज पोरं बाह्या सरसावत आली. पुण्याला नोकरीला होती, सुटीला आलेली. त्यांनी दोर धरताच आत्याची काठी आडवी झाली.

"तुमी औंदा कशानं गेला?"

"एष्टीनं, आत्या."

"मंग एष्टी वडा जावा."

आख्खा काठ हसला. पोरं लाजून बाजूला झाली, आणि त्यांच्या जागी सत्तरीची एक म्हातारी कंबरेला पदर खोचून उभी राहिली.

चिखलावर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा ओला पाला, अंथरलेलं असायचं, म्हणजे नाव घसरत जाते. वाढ्यावर बाभळीचे गोल ओंडके. दोर म्हणजे जुन्या मोटेचा नाडा, मनगटाएवढा. आत्या मागं उभी राहून हुर्रर्र करायची, आणि त्या हाकेसरशी सगळे मिळून ओढायचे. मागचे ओंडके उचलून पुढं टाकायचे, पुन्हा हुर्रर्र. नाव जोत्यावर चढली की तिला एका कुशीवर कलती करून खाली टेकू द्यायचे. त्या दिवसापासनं पाणी परत येईपर्यंत आत्या तिथंच राहायची. नावेचं छप्पर, खाली तिचं घर.

ती जोतं शेणानं सारवायची. चूल पूर्वी होती त्याच कोपऱ्यात मांडायची. नावेच्या फटींतला जुना कापूस उकरून नवा कोंबायची आणि वर डांबर लावायची. भेटायला जाणाऱ्यानं मात्र सांभाळून जावं लागे. मी एकदा सरळ चालत तिच्यापाशी गेलो तर ओरडली, "डाक्टर! भितीतनं कुठं आला? दार तिकडं हाय!"

भिंत कुठंच नव्हती. दारही नव्हतं. मी मागं फिरलो, वळसा घातला, दोन दगडांच्या मधनं आत आलो, आणि मगच तिनं मला चहा दिला.

धरण खात्याचे एक साहेब एकदा तिथं आले होते. चांगला माणूस, समजावून सांगत होता की, "बाई, ही जमीन संपादन झाली. सरकारची आहे."

"पानी सरकारचं," आत्या म्हणाली. "ते गेलं त्यांचं घिऊन. मागं राह्यलं ते माजं. पुन्यांदा आणलं की मी उठंन."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि निघाले. निघताना तेही दारातनंच गेले.

आणि पाऊसकाळात पाणी वाढत वाढत जोत्याला लागायचं, नावेखाली शिरायचं, आणि एके सकाळी काळी आपोआप उचलली जायची. ती पाण्यात घालायला कधी कुणाला हात लावावा लागला नाही. आत्या म्हणायची, "काढायची मानसांनी, घालायची पान्यानं."

या सगळ्यात एकच माणूस कधी पाण्यापाशी दिसायचा नाही. तिचा नवरा. बिरामामा.

बिरामामा जन्मात नावेत बसला नव्हता. उरलेली चार शेळ्या-मेंढरं घेऊन तो माळावर असायचा. बोलायचा जवळजवळ नाहीच. मला वाटायचं जन्माचाच घुमा असेल. हसीनाभाभीनं मला खरी हकिकत सांगितली. धरण पहिल्यांदा भरलं त्या साली पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं, आणि त्याची मेंढरं एका उंचवट्यावर अडकली. चहूकडनं पाणी. बिरामामाची हाळी नामांकित होती. नदीपल्याडच्या वस्तीवर ऐकू जायची. काठावर उभा राहून तो हाका घालत राहिला. मेंढरं त्याच्याकडं तोंड करून उभी होती, आवाज ओळखत होती, पण पाण्यात पाय घालत नव्हती. उंचवटा पाण्याखाली जाईपर्यंत तो ओरडला. त्यानंतर त्यानं कधी हाळी दिली नाही आणि पाण्याजवळ गेला नाही.

आत्यानं उलटं केलं. "ज्या पान्यानं मेंढरं नेली त्याच्या उरावर बसून खानार," म्हणाली आणि नाव बांधायला घातली. दोघांचं दुःख एकच, पण एक त्याला पाठ करून बसला आणि दुसरी त्याच्यावर चढून बसली. मला आत्याचं कौतुक वाटायचं आणि मामाची दया यायची. दया करायची गरज नव्हती हे नंतर कळलं.

नाव ओढायच्या दिवशी मामा वरच्या बांधावर शेरडं घेऊन बसे, नदीकडं पाठ करून. नेम सगळ्यांना सारखा होता. त्यानं पाणी ओलांडलेलं नव्हतं, म्हणून दोराला हात नाही. नवरा म्हणून सूट नाही.

तिथल्या माझ्या शेवटच्या वर्षी सर्जेरावअण्णानं जुन्या गावठाणाची सगळी गाळपेर घेतली. गाळपेर म्हणजे पाणी हटल्यावर उघडी पडलेली गाळाची जमीन, उन्हाळ्यापुरती कसायला मिळते. सर्जेराव म्हणजे तोच, ज्याच्या घरावरनं आत्या नाव नेत नसे. तिच्याच बोळातला, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला. आता त्याच्याकडं ट्रॅक्टर होता, दूध गोळा करायचं केंद्र होतं, आणि निम्म्या गावाला त्याच्या मोटारीचं पाणी मिळत होतं. त्याला तिथं कलिंगड लावायचं होतं. सगळं गावठाण नांगरून एक सपाट पट्टा करायचा होता, आणि आत्याचं जोतं बरोबर त्याच्या मध्यात येत होतं.

आखितीच्या आदल्या दिवशी तो काठावर आला. मी तिथंच होतो. बोलला अगदी अदबीनं.

"आत्या, औंदा नाव वर नव्या काठाला लावा. माजा ट्रॅक्टर देतो. तुमाला कुनाची वाट बघायला नगं."

आत्या नावेतलं पाणी उपसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजा ट्रॅक्टर कवा बसला व्हता माज्या नावंत?"

"म्हंजी?"

"पानी वलांडलं का त्यानं औंदा? न्हाय ना? मंग त्यानं माजी नाव वडायची न्हाय. नेम हाय."

मी हसलो, आणि सर्जेराव हसला नाही. "आत्या, ती जमीन आता माज्या नावावर हाय. परवा सकाळी नांगर घालनार. तितं नाव असली तर असली, नसली तर रिकाम्या जोत्याला नांगर काय इचारत न्हाय."

"नाव असंल," आत्या म्हणाली.

"बघू की, दोर कोन धरतंय ते," म्हणून तो निघून गेला.

त्यानं कुणाला उघड मनाई केली नाही. करायची गरजच नव्हती. ज्याचं दूध त्याच्या केंद्रावर जातं आणि ज्याच्या उसाला त्याचं पाणी मिळतं, त्याला न सांगताही कळतं. आखितीचा दिवस उजाडला. आत्यानं पहाटेच वाढं अंथरलं होतं, ओंडके मांडले होते. नाव काठाला डुलत होती. मी गेलो, टोपली बाजूला ठेवून हसीनाभाभी आली, आणि बस. उन्हं वर आली तरी तिसरं कुणी आलं नाही. वर नव्या गावाच्या लिंबाखाली माणसं बसलेली दिसत होती. सगळ्यांना सगळं दिसत होतं. आणि गावठाणाच्या कडेला सर्जेरावाचा ट्रॅक्टर नांगर जोडून आदल्या दिवसापासनंच उभा होता.

आम्ही तिघांनी दोर धरून पाहिला. काळी तसूभर हलली नाही.

"आत्या, मी वर जाऊन चार जणांना बोलावतो," मी म्हणालो.

"न्हाय."

"अहो, उद्या सकाळी नांगर फिरेल! मानपान धरून बसायची ही वेळ आहे का?"

"म्या कवा कुनाला बोलावलं न्हाय. ज्याला याद हाय त्यो येईल. बोलवून आलेल्या हाताचा मला काय उपेग?"

मला तिचा संताप आला. घर जातंय आणि बाई नेम धरून बसलीय! मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि दोराची गाठ पुन्हा आवळली. ती घट्टच होती, तरी तिनं सोडून परत बांधली. तोपर्यंत मला वाटत होतं की हिला भीती नावाची गोष्ट माहीतच नाही.

तेवढ्यात बिरामामा बांधावरनं उठला. शेरडं बाभळीला बांधली आणि खाली आला. एवढ्या वर्षांत त्याला पाण्याच्या इतक्या जवळ मी पाहिलं नव्हतं. त्यानं दोर धरला.

"सोड," आत्या म्हणाली.

"साळे, अगं..."

"सोड म्हनते. तू वलांडलं न्हाईस. आज तुला धरू दिलं तर मंग सर्ज्याच्या ट्रॅक्टरला कशापायी नगं म्हनले मी?"

हसीनाभाभी तोंडातल्या तोंडात "या अल्ला" म्हणाली. मामानं दोर खाली ठेवला. मला वाटलं, गेला आता परत बांधावर. तो नावेकडं बघत राहिला. मग डोक्याचं पागोटं सोडून त्यानं कमरेला घट्ट गुंडाळलं, पायताण काढलं, आणि चारही हातापायांवर, बिचकलेलं जनावर चढावं तसा नावेत चढला. मधोमध बसला, दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि डोळे गच्च मिटले.

"ने पैल," तो म्हणाला.

 आत्या नावेत चढली, काठीचं टोक त्याच्या डोक्याला लावलं, मोजलं, आणि वल्हं हातात घेतलं. तेव्हा तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं आहे. कुणी खोटं म्हणालं तर भांडायला तयार आहे.

नाव लहान होत गेली. पैलतीराला लागली हे आम्हांला अंदाजानंच कळलं. मग थोड्या वेळानं पाण्यावरनं आवाज आला. लांब, चढत जाणारी, शेवटाला तुटणारी हाळी. एकदा. पुन्हा एकदा.  वर लिंबाखाली बसलेली माणसं उभी राहिली. त्यांतला एक म्हातारा एवढ्या मोठ्यानं म्हणाला की आम्हांला खाली ऐकू आलं, "बिरा हाय! बिराची हाळी हाय ती!"

कुणाला बोलवायचं नाही हा नेम आत्याचा होता. मामानं असा नेम कधी केला नव्हता.

नाव परत आली ती काठोकाठ भरून. दगडू होता, त्याची बायको होती, पैलच्या वस्तीवरचे सात-आठ गडी होते. सगळ्यांनी सालभर काळीतनं ये-जा केलेली. तिकडचा जिल्हा वेगळा, दूध वेगळ्या केंद्राला, पाणी वेगळ्या मोटारीचं. सर्जेरावाचा धाक निम्म्या पाण्यापर्यंतच पोचत होता. बिरामामा पुढच्या टोकाला बसला होता आणि आता त्याचे डोळे उघडे होते. तो उतरला, सरळ येऊन दोराच्या पहिल्या टोकाला उभा राहिला आणि बायकोकडं पाहिलं.

"धर," आत्या म्हणाली.

आम्ही ओढायला लागलो. पहिल्या हुर्रर्रला काळी चिखलातनं सुटली. दुसऱ्याला ओंडक्यावर चढली. अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा वरनं एक म्हातारी तुरुतुरु खाली येताना दिसली. "मी बी चारदा गेलते लेकीकडं," ती कुणी विचारायच्या आत म्हणाली आणि दोर धरला. तिच्यामागं तिचा नातू, मग आणखी दोघं. सगळं गाव आलं असं मी म्हणणार नाही. पुष्कळजण लिंबाखालीच राहिले. पण आले तेवढे पुरले. ऊन कलायच्या आत काळी जोत्यावर चढली, कलती झाली, टेकू लागले.

सगळे घाम पुसत खाली टेकले. आणि दगडू एकदम म्हणाला, "आत्या, पर आता आमी घरला जायचं कसं?"

 ज्या नावेतनं माणसं आली, तीच त्यांनी स्वतःच्या हातांनी जोत्यावर चढवली होती. आणलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं, हे बिरामामाच्या, आत्याच्या, माझ्या, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पैलच्यांना सूट का होती, ते आत्ता सगळ्यांना आठवलं. हसीनाभाभी आधी हसली आणि मग जे हसू लोटलं ते आवरेना.

"नाव आता पान्याबिगर हालायची न्हाय," आत्या म्हणाली. "ऱ्हावा आज. उद्या दुधाच्या टेंपूनं लांबच्या पुलावरनं जावा."

मग नव्या गावातनं भाकऱ्या आल्या. दिवसा दोर धरायला न आलेल्या काही घरांतनंही आल्या, हे मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ट्रॅक्टर जोत्यापासनं थोड्या अंतरावर धडधडत उभा होता आणि सर्जेराव मोटारसायकलवरनं उतरत होता. जोत्यावर पैलची माणसं राखुंडीनं दात घासत बसली होती. आत्या दारात, म्हणजे त्या दोन दगडांच्या मध्ये, मांडी घालून बसली होती.

"आत्या, ही मानसं कशापायी जमवली?"

"जमवली न्हाईत. जायाला नाव न्हाय म्हनून राह्यली."

हे अक्षरशः खरं होतं. 

"सर्ज्या," आत्या म्हणाली, आणि अण्णाला तोंडावर सर्ज्या म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, "ते बग तुज्या घराचं जोतं. त्या कोपऱ्यात न्हानी. तितं तुज्या आईनं तुला पायावर घिऊन न्हाऊ घातलं, मी पानी वतत व्हते. तितं नांगर घालायचा तर घाल, तुजं घर हाय. पर माज्या घरात ट्रॅक्टर आनायचा तर दारातनं आन. आन् पायतान भाईर काडून."

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर फसकन हसला. सर्जेरावानं त्याच्याकडं बघितलं तसा गप्प झाला. सर्जेराव थोडा वेळ आपल्या जोत्याकडं बघत उभा राहिला, मग मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला. ड्रायव्हरनं आत्याच्या जोत्याला वळसा घालून नांगरायला सुरुवात केली. सर्जेरावाच्या जोत्यापाशी आल्यावर त्यानं नांगर वर उचलला, पलीकडं जाऊन पुन्हा खाली टाकला. त्याला तसं कुणी सांगितलं होतं की त्याचं त्यालाच वाटलं, ते मला माहीत नाही.

त्या पावसाळ्यात माझी बदली बारामतीकडं, लोणी भापकरला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा पाणी जोत्याला लागत होतं आणि आत्या गडबडीत होती. "जावा," एवढंच म्हणाली.

पुढच्या आखितीला मी रजा टाकली आणि मोटारसायकल काढून वाकसेवाडीला गेलो. काठावर मागच्या सालापेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. त्या साली पाणी लवकर हटलं होतं, आणि कलिंगडाच्या वेलांतनं जुन्या गावाची बोळ तेवढी मोकळी सोडलेली होती. दोराच्या पहिल्या टोकाला बिरामामा उभा होता. मला बघून तो चक्क हसला. मी बाह्या दुमडल्या आणि त्याच्यामागं जाऊन दोर धरला.

छातीवर काठी आडवी आली.

"डाक्टर, औंदा कवा वलांडलं?"

"आत्या, मी इतकी वर्षं..."

"औंदा इचारलं."

"अहो, लोणीला कुठं आलंय पाणी ओलांडायला?"

"मंग तितलं काय असंल ते वडा," ती म्हणाली, आणि आख्खा काठ हसला.

मी दोर सोडला आणि बांधावर आलो. शेजारी पाहतो तर पांढऱ्या कपड्यांत सर्जेराव उभा, हात पाठीमागं बांधून.

"मला बी न्हाय धरू दिला," तो म्हणाला. "म्हनलं, आत्या, माजं बी जोतं तितंच हाय. तर म्हंती, पैल जाऊन ये."

"मग जायचं की, अण्णा."

"जाईन पुढल्या साली," तो नावेकडं बघत म्हणाला.

आत्याचा हुर्रर्र आला, त्यात मामाची हाळी मिसळली, आणि काळी हलली. आत्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. आम्ही दोघं रिकामे हात घेऊन उभे होतो. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच बरंही वाटलं. मला धरू दिलं असतं, तर मागच्या साली मामाला नावेत चढायला लावलं त्याला काय अर्थ राहिला असता?

नाव जोत्यावर चढली, टेकू लागले. माणसं हात पुसत पांगायला लागली. मला वाटलं, आता निघावं. जाता जाता भेटून जावं म्हणून मी वेलांतनं सरळ तिच्याकडं चालायला लागलो, तसा तिचा आवाज आला.

"डाक्टर! भितीतनं येऊ नगा. दार हिकडं हाय. च्या ठिवलाय."

मी थांबलो, बूट काढून हातात घेतले, बोळातनं वळसा घातला आणि दारातनं आत गेलो.